उपवास विचारू नये

नाशिकच्या स्वादुयंत्र प्रयोगशाळेत मंगळवारी सकाळी आलेली दुरुस्ती वैजयंती खांबेटेने दोनदा वाचली. तिच्यात नवं काहीच नव्हतं. तीनशे बारा ओळी नुसत्या वगळल्या होत्या.

स्वादुयंत्र म्हणजे पोटाला चिकटवलेली काड्यापेटीएवढी डबी. दर पाच मिनिटांनी साखर मोजायची आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडायचं. तिची आज्ञावली, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, मुक्त होती; कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी. नव्वद हजार माणसांच्या अंगावर ती चालत होती. नियम दोनच. दुरुस्ती पाठवणाऱ्याने ती आधी चाळीस दिवस स्वतःच्या अंगावर चालवायची. आणि आज्ञावलीत ज्याची एक तरी ओळ उरली आहे, त्याचंच नाव जबाबदारांच्या यादीत. काही बिघडलं तर जाब त्याला.

वगळलेल्या ओळी शालोम रोहेकरांच्या होत्या. वय अडुसष्ट, मूळचे अलिबागचे बेने इस्रायली ज्यू. समोरच्याच टेबलावर ते बसले होते. यादीत त्यांचं नाव होतं ते एवढ्या ओळींपुरतंच.

"कोण या भंगाळेबाई?" दुरुस्ती पाठवणाऱ्याचं नाव वाचून त्यांनी विचारलं.

"जळगावच्या, सर. निवृत्त गणित शिक्षिका. लावू फोन?"

पडद्यावर बाई आल्या.

"बाई, दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली माझी उपवासाची सोय तुम्ही मुळासकट उपटलीत," रोहेकर म्हणाले. "माणूस 'आज उपवास' असं कळवतो, यंत्र इन्सुलिन कमी करतं. चुकलं काय त्यात?"

"पुढची ओळ वाचा ना, भाऊ. साखर चढलेली दिसली तर मोजमाप चुकलं असं धरायचं, इन्सुलिन वाढवायचं नाही."

"बरोबरच आहे. पोटात काही गेलंच नाही तर चढेल कशी?"

"तुम्ही उपवासाला काय खाता?"

"खातो?" रोहेकर बघतच राहिले. "आमच्याकडे उपवास म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

बाई खळखळून हसल्या. "आमच्याकडे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, वर दोन केळी. रोजच्या जेवणापेक्षा जड! संकष्टीला माझी साखर चारशे दहा झाली. डोळ्यांपुढे अंधारी. आणि तुमचं यंत्र आपलं म्हणतंय, मोजमाप चुकलं."

वैजयंतीला हसू आलं आणि अर्ध्यावरच विरलं. ती स्वतः सोमवार धरायची. पण तिला डबी लागत नव्हती, म्हणून हे कधी ध्यानात आलं नव्हतं. परवा महाशिवरात्र. महाराष्ट्रातली अकरा हजार माणसं यंत्राला उपवास कळवणार आणि खिचडीला बसणार.

"फराळाची वेगळी कळ घालतो," रोहेकर म्हणाले. "आजच लिहितो."

"आणि कुणी नुसत्या दुधावर राहतं, कुणी मीठ सोडतं, आमच्या शेजारच्या नसीमबीचा रोजा असतो. किती कळा घालाल? ते साखर मोजतंय ना? मग माणसाला विचारता कशाला? मी एक एकादशी निर्जळीसुद्धा काढली यावर. साखर उतरू लागली तसं त्यानं आपणहून इन्सुलिन आवरलं. अठ्ठ्याहत्तरच्या खाली गेली नाही."

रोहेकरांनी चाळीस दिवसांचे आकडे तासभर तपासले. मध्ये एकदा त्यांनी स्वतःच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या.

"चार वर्षं घालवली होती मी यात," ते म्हणाले. "घे मान्य करून."

वैजयंतीने मान्यतेची कळ दाबली. संगणकाने नकार दिला: दुरुस्तीला जबाबदार नाव नाही.

कारण सरळ होतं. नाव ओळीला चिकटायचं, आणि वगळण्याची ओळ नसते. उद्या या वगळण्याने कुणाचं बरंवाईट झालं तर विचारायचं कुणाला?

"बाई, एखादी ओळ लिहा तुम्ही. नाव तरी लागेल तुमचं."

"नावासाठी ओळ? उद्या कुणाला तरी ती पण काढत बसावी लागेल. मला नको."

रोहेकरांनी कळफलक स्वतःकडे ओढला. यंत्र ओलांडून पुढे जातं, फक्त माणूस वाचतो, अशी एक ओळ त्यांनी लिहिली: 'इथे माणसाला उपवास विचारू नये. मी विचारला होता आणि चुकलो.'

संगणकाने दुरुस्ती घेतली. संध्याकाळपर्यंत ती नव्वद हजार डब्यांत पोचली.

यादीत रोहेकरांचं नाव राहिलं. भंगाळेबाईंचं कुठेच नव्हतं; त्यांच्या दुरुस्तीचा जाब मात्र यापुढे रोहेकरांना विचारला जाणार होता.