प्रेरणाच्या नावाची धार

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे.

आणि रात्री नाही, भरदुपारी. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल, रविवार, दिग्रसपासून आत असलेला एक तांडा…

नयन माझा मावसभाऊ. नोकरीला पुण्यात. नाशिकला जाऊन वाइन चाखून आल्यापासून त्याच्या जिभेला भारी शहाणपण आलेलं. "आपल्या मोहाच्या दारूत काय कमी आहे?" म्हणत त्यानं बायकोला, प्रेरणाला, गाडीत बसवलं. दिवसभर तांडे फिरायचे, घोटभर चाखायचं, संध्याकाळी यवतमाळला आमच्या घरी परत. लग्नाला सातच महिने झाले होते. एकमेकांवाचून करमत नव्हतं दोघांना.

पहिलं घर नंदाबाईचं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. म्हातारीनं दोन ग्लास पुढे केले.

"प्याच्या आंधी थोडी जमिनीवर सोडा, भाऊ. नाव घेऊन."

कुणाचं नाव, हे ती सांगणार तेवढ्यात नयन लाडात आला. त्यानं ऐटीत धार सोडली.

"माझ्या प्रेरणाच्या नावानं."

प्रेरणा लाजून हसली.

नंदाबाई हसली नाही. तिनं प्रेरणाच्या हातातला ग्लास काढून घेतला, आत गेली… आणि दार लावून घेतलं.

म्हातारी तिरसट दिसते, म्हणून दोघं पुढच्या तांड्यावर गेले. तिथं बाबूसिंगनं ओसरीवर बसवलं आणि एकच ग्लास ठेवला.

"एकच?"

"तुमी एकटेच तं आले, भाऊ."

प्रेरणा शेजारीच बसली होती, ओढणीनं घाम पुसत.

दारातलं कुत्रं नयनवर भुंकत राहिलं. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही…

गाडीत तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. कितीतरी वेळ.

"नयन, घसा सुकलाय रे. पाणी आत जातच नाहीये."

बाटली भरलेलीच होती.

त्यानं गाडी उलटी वळवली. नंदाबाई आता अंगणात उभी होती.

"धार गेलेल्या माणसाच्या नावानं सोडतेत, भाऊ. तुमी जित्तीचं नाव घेतलं."

"चुकलं माझं. आता काय करू सांगा, वाट्टेल ते करतो."

"जमिनीनं नाव पिऊन टाकलं. आता ते मी कशी काढू?" तिनं बाटलीकडे बोट केलं. "तहान लागली असन तिले. आता तिलेबी तसंच द्या लागते."

नयननं बाटली मातीवर रिकामी केली. नाव घेतलं.

"बरं वाटलं," प्रेरणा म्हणाली.

तो तिला घेऊन घरी परतला, पण घरात ती त्याच्याखेरीज कुणालाच दिसली नाही.

पोलिसांत ती हरवल्याची नोंद आहे. तिचे आईवडील नयनला शिव्याशाप देतात. तो ऐकून घेतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे जेवायला गेलो. ताटं तीन वाढलेली. तिसऱ्या ताटातला घास त्यानं फरशीवर ठेवला, पाणी सोडलं, नाव घेतलं. मला खुर्ची रिकामीच दिसली.

पण फरशी… बघता बघता कोरडी झाली.

नयन पार खंगलाय. डॉक्टरांनी आशा सोडलीय.

"माझ्यामागं हिचं नाव कोण घेईल?" त्यानं विचारलं. "तू घेशील?"

मी अर्ध्या जेवणावरून उठलो. लाज वाटते सांगायला, पण मी घाबरलो.

तेव्हापासून पाण्याचा ग्लास उचलला की माझा हात थांबतो. प्रेरणावहिनीचं नाव ओठांवर येतं आणि मी ते गिळून टाकतो.

एकदा घेतलं, की रोज घ्यावं लागेल…