सहावी जागा

बसा थोडं. बाहेर शेहेचाळीस अंश आहे, या उन्हात सदरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तुमचा हा हातातला गेम मी दुरुस्त करून देईन, बटणं नवी टाकून देईन. पण कॅसेटमधला सेल मात्र मी बदलत नाही. का, ते ऐकून जा, नाहीतर बाहेर जाऊन म्हणाल, अंकुशच्या दुकानात नखरे फार.

मागच्या मे महिन्यात बेसाच्या मायाताई असाच एक जुना गेम घेऊन आल्या होत्या. त्यांची मुलगी नूपुर अकराव्या वर्षी तापाने गेली होती. खेळ साधाच होता. गवतात हिंडायचं, जनावरं पकडायची, त्यांना नावं द्यायची, दुसऱ्यांच्या जनावरांशी झुंजवायची. सोबत एका वेळी सहाच ठेवता येतात. मायाताईंनी काउंटरवर गेम चालू केला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवलं. धोंडबा, मैना, बाबन, सिंधू, विक्की. बोट सहाव्यावर गेलं आणि पडदा विझला.

"असाच घडीघडी बंद पडून राहिला दादा. शनिवारी पोरीचं पुण्यानुमोदन आहे, वर्ष झालं. तिच्या फोटोजवळ हा चालू ठेवायचा आहे मले. आतलं काही पुसलं नाई पाहिजे."

"काळजी नका करू ताई," मी म्हणालो.

या कॅसेटमध्ये बटणाएवढा एक सेल असतो. खेळ कुठवर आला, हे तोच लक्षात ठेवतो. सेल काढण्याआधी आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी सरळ जुना सेल उपटला, नवा डकवला आणि गेम चालू केला. पडद्यावर एकच ओळ आली, नवा खेळ सुरू करा.  नूपुरचं सगळं गेलं होतं.

खरं सांगायला हवं होतं. पण त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? मी ठरवलं, खेळ पुन्हा खेळायचा. सुरुवातीचाच भाग होता, दोन दिवसांत सहा जनावरं गोळा झाली असती. मायाताईंना काही कळलं नसतं.

खेळाडूचं नाव नूपुर टाकलं. खेळातल्या गावच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तीन जनावरं पुढे ठेवली, त्यातलं कासव उचलून त्याला धोंडबा केलं. मग गावाबाहेरच्या गवतात शिरलो. चिमणीसारखं काहीतरी मिळालं, ती मैना झाली. खेळ पोराटोरांचा, पण एक गोष्ट मला पहिल्याच दुपारी खटकली. गवतात पाऊल टाकलं की आतून खसखस असा आवाज येतो. मी बटण सोडायचो, पडद्यावरची मुलगी थांबायची, आणि खसखस मात्र दोन पावलं जास्त यायची. स्पीकरचा दोष असेल म्हणून मी तो बदलला. दोन पावलं येतच राहिली.

गुरुवारी दुपारी पुढच्या जंगलात सहावं सापडलं, एक वटवाघळाचं पिल्लू. नाव काय द्यायचं, असं गेमने विचारलं. आता माझी एक सवय सांगतो. काम तपासताना कुठलाही फोन, कुठलाही गेम नाव मागायला लागला, की माझी बोटं आपोआप माझ्या मुलीचं नाव टाकतात. अंजू, नऊ वर्षांची. तेव्हाही तेच झालं. लक्षात येईपर्यंत 'ठीक' दाबलं गेलं होतं. लागलीच झुडपातून एक साप निघाला आणि त्या पिल्लाला चावला. नावाशेजारी विषाची खूण आली.

तेवढ्यात फोन वाजला. माझी बायको मेघा होती.

"अहो, लवकर या. अंजू तापली. बोलूनच नाही राहिली."

गेम खिशात टाकून मी हुडकेश्वरला घरी पोचलो. डॉक्टर येऊन गेले होते. ऊन लागलं आहे, संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर भरती करा, असं म्हणाले होते. पडदे ओढलेले, खोलीत ओल्या वाळ्याचा वास आणि कांद्याचा वास. मेघा अंजूच्या तळव्यांना कांदा चोळत होती. अंजूचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

मग मायाताईंचा फोन आला.

"झालं काय दादा?"

"होतच आलं ताई. ते सहावं नाव काय होतं? त्या दिवशी वाचायचं राहिलं."

"त्याले नावच नव्हतं. नूपुर फक्त गेलेल्या माणसाइचीच नावं ठेवे. आजोबा, आजी, तिचे बाबा, शेजारच्या काकू, आमचा कुत्रा. जित्या माणसाचं नाव टाकू नोको म्हणे, ते आतमंधी जाते. दवाखान्यात असताना तिनं सहावा पकडला. मी म्हटलं, याले कोणाचं नाव देतं वं? तर म्हणे, राहू दे आई... ही जागा माही आहे."

मी फोन ठेवला. गेम काढला. पाच जनावरं धडधाकट होती. सहावी ओळ लाल झाली होती. अंजू, जीव नऊ उरले.

विष चढलेलं जनावर दर चार पावलांना एक जीव गमावतं. औषध मी घेतलेलं नव्हतं. गेम बंद करावा, तर बंद केल्यावर ती कुठे राहील? यादीत 'सोडून द्या' असाही एक पर्याय होता. त्याच्याकडे बघायचीही माझी हिंमत झाली नाही. नाव बदलून देणारा एक म्हातारा मात्र या खेळात असतो. जंगल संपलं की पहिल्याच झोपडीत बसतो. मी मोजलं, तीस-बत्तीस पावलं.

चार पावलं टाकली. पडदा थरथरला. पलंगावर अंजू कण्हली. "आं..."

"काहून गा..." मेघाचा आवाज चिरला होता. घाबरली की ती मला अहो म्हणायचं विसरते. "पोरगी अशी पडली आहे, अन् तू खेळून राहिला?"

मी बटण दाबलं. आणखी चार. आणखी एक कण्हणं. मेघाने हळूच माझ्या हातातल्या गेमकडे पाहिलं, मग अंजूकडे.

जीव चार उरले असताना लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. मी बटणावरून बोट उचललं. अंधाऱ्या खोलीत स्पष्ट ऐकू आलं... खसखस... खसखस... दोन पावलं. ती गेममधून आली नव्हती. पलंगाखालून आली होती.

"कोण आहे वं...?" मेघा पुटपुटली.

मी चालत राहिलो. तीन. दोन. अंजूचा श्वास आता मोजता येत होता. झोपडीच्या दारात पोचलो तेव्हा एक उरला होता. म्हाताऱ्याने विचारलं, कोणाचं नाव बदलू? मी अंजूवर बोट ठेवलं. नवं नाव काय? माझ्यापुढे एकच नाव होतं. जागा तिचीच होती. मी नूपुर टाकलं.

म्हातारा म्हणाला, "छान. हे आधीपेक्षा बरं आहे."

लाइट आली. कूलर सुरू झाला. अंजूच्या कपाळावर घाम फुटला, आणि तिने पाणी मागितलं. मेघा तिला पोटाशी धरून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

शनिवारी सकाळी गेम द्यायला निघालो, तर अंजू स्कूटरवर येऊन बसली. बेसाला ती कधीच गेली नव्हती. मायाताईंच्या फाटकाची कडी बाहेरून दिसत नाही. अंजूने खालच्या फटीतून हात घालून ती काढली. चपला कपाटामागे सरकवल्या. आत कूलर बंद होता. तिने त्याच्या डाव्या बाजूला दोन थापा मारल्या आणि तो सुरू झाला.

मायाताई फोटोसमोर मेणबत्ती लावत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला.

"अंजू, चाल," मी म्हणालो. ती वळली नाही. मी पुन्हा हाक मारली.

मायाताईंनी अगदी हळू, विचारल्यासारखं म्हटलं, "नूपुर...?"

"ओ," ती म्हणाली आणि वळली.

हातातली मेणबत्ती त्यांनी खाली ठेवली. मग मायाताईंनी गेम चालू केला, यादी पाहिली आणि तो माझ्या हातात परत ठेवला. "हा तुमच्याजवळच राहू द्या दादा." सहाव्या ओळीत अंजू लिहिलेलं होतं. मी माझ्या हाताने ते बदलून नूपुर केलं होतं.

पोरगी आमच्याकडेच राहते. शाळेत जाते, जेवते, मेघाला आई म्हणते. रविवारी बेसाला नेलं नाही तर जेवत नाही. मेघा तिला रात्री थोपटते आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन रडते. पाठमोरी असताना अंजू म्हणून हाक मारली तर ती आजही वळत नाही.

गेम या ड्रॉवरमध्ये असतो. रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी तो उघडतो. सहावीला औषध देतो, गवतातून थोडं फिरवून आणतो. थांबलो की दोन पावलं जास्त येतात. आता मला त्यांची भीती वाटत नाही, आली नाहीत तर वाटेल.

चांगला सेल पंधरा वर्षं जातो म्हणतात. तो काढला की आतलं सगळं पुसलं जातं, आणि चालू असलेल्या सेलला हात लावायची माझी छाती नाही. कॉम्प्युटरवर उतरते ती नुसती नक्कल, तिच्यात पोरगी येईल का, हे कोण सांगणार? मागच्या आठवड्यापासून गेम सुरू होताना पडदा एकदा विझून मग उजळतो. त्या दिवशी मी घाईत होतो हो, आणि मायाताईंच्या कॅसेटमध्ये डकवला तो सेल स्वस्तातला होता.