दाबून धरलेला मास्क

ही घटना रात्रीची नाही.

असल्या गोष्टी अंधारातच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं आधी ऐकून ठेवावं. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. चारचौघांच्या गराड्यात झालं. यातल्या वेळा आणि जे तिला एकटीलाच ठाऊक होतं ते धाकटीच्या वहीतून उतरवून घेतलं आहे. बाकीचं तिच्या आईकडून आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून दोन-दोनदा विचारून घेतलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला नाही.

धाकटी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची शेवटची मुलगी. आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा अभ्यासक्रम शिकत होती. शेवटच्या वर्षाला ॲम्ब्युलन्सवर बारा शिफ्ट काढायच्या असतात. प्रत्येक शिफ्टनंतर वरिष्ठाची सही घ्यायची. बारा सह्या झाल्या की परीक्षा, आणि परीक्षा झाली की नोकरी.

तिच्या आठ सह्या झाल्या होत्या.

नववी शिफ्ट फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी होती. सकाळी सातची. ती सात वाजून आठ मिनिटांनी पोचली.

"या, डॉक्टरीणबाई," ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत. "पेशंटला निरोप पाठवलाय, शिकाऊ मॅडम उठेपर्यंत जरा दम धरा म्हणून."

"मामा, बस चुकली."

"बस चुकली की गजर चुकला?"

गाडीत शिरल्यावर शिकाऊचं पहिलं काम तपासणीचा तक्ता भरणं. त्यात एकेचाळीस वस्तू. छोट्या ऑक्सिजन सिलिंडरसाठी नियम असा, की तो उघडायचा, दाबाचा काटा बघायचा, बंद करायचा आणि आकडा लिहायचा. हा सिलिंडर जिन्यांवर न्यायला असतो. गाडीतला मोठा वर नेता येत नाही.

सात बाराला कॉल आला. निम्मा तक्ता कोराच होता.

धाकटीनं कालचं पान उलटलं. काल सकाळचा आकडा होता १२०. तिनंही १२० लिहिलं आणि खाली सही केली. काल संध्याकाळच्या लोकांनी तो सिलिंडर तासभर वापरून तसाच ठेवून दिला होता, हे तिला माहीत नव्हतं.

काटा बघितला असता तर कळलं असतं. दोन सेकंदांचं काम.

कॉल होता तिसऱ्या मजल्यावरचा. लिफ्ट नाही. जिना अरुंद, प्रत्येक मजल्याला दोन वळणं. साठीचा माणूस पलंगाच्या कडेला बसून श्वासासाठी धडपडत होता. बायको पाठ चोळत होती.

गाडीवरचे वरिष्ठ म्हणजे मास्तर. ज्याच्या-त्याच्या चुका काढायचे, म्हणून हे नाव. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "मास्क लाव. ऑक्सिजन आठवर ठेव. लगेच खाली घ्यायचं."

धाकटीनं मास्क लावला. सूंऽऽ आवाज आला. काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

त्यांना खुर्चीला पट्टे बांधून खाली आणायला सुरुवात झाली. मास्तर वरून, मामा खालून. बाजूनं धाकटी, एका हातात सिलिंडर, दुसऱ्या हातानं मास्क धरून. मागं बायको.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकांनी मास्क ओढला.

श्वास कमी पडलेला माणूस मास्क ओढतोच. हे धाकटीला वर्गात शिकवलं होतं. असं झालं तर समजूत काढायची आणि मास्क काढू द्यायचा नाही.

"हवा... नाही," काका म्हणाले.

"आहे, काका, आहे. काढू नका."

त्यांनी तिचं मनगट पकडलं. तिनं मास्क आणखी दाबला. खुर्ची पायऱ्यांवर आपटत होती, शेजारी दारात येऊन बोलत होते. त्या गलक्यात सूंऽऽ आवाज कधी थांबला, तिला कळलं नाही.

मागून बायको म्हणाली, "अहो, ऐका ना त्या पोरीचं. तुमच्या भल्याचंच करतेय."

आणि त्यांनी ऐकलं.

मनगट सोडलं. तिच्याकडे बघत राहिले. खाली पोचेपर्यंत बघत राहिले. मग बघणं थांबलं.

गाडीत मोठा सिलिंडर जोडला. मास्तरांनी छाती दाबली, मामांनी जमेल तेवढी गाडी पळवली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच कामातून गेली होती, कोणाचाच इलाज नव्हता.

नंतर गाडी पुसताना धाकटीचं लक्ष छोट्या सिलिंडरकडे गेलं.

काटा शून्यावर होता.

जवळ कोणी नव्हतं. तिनं कोठीतून भरलेला सिलिंडर आणला आणि जागेवर बसवला. रिकामा रिकाम्यांत ठेवला. मास्तरांनी नववी सही केली. तक्ता न बघताच खाली आपलंही नाव लिहिलं.

तोंड उघडलं तर चार वर्षं पाण्यात जाणार होती. तिनं तोंड उघडलं नाही.

दहावी शिफ्ट पुढच्या मंगळवारी होती. दुपारी दोन दहाला शिलाईच्या कारखान्यातून कॉल आला. विशीतली मुलगी, जुना दमा. भोवती पंधरा-वीस बायका, सगळी मशीनं बंद.

या वेळी धाकटीनं काटा बघितला होता. सिलिंडर भरलेला होता. तिनं मास्क मुलीच्या तोंडावर ठेवला. सूंऽऽ...

तिची बोटं मास्कला टेकली आणि...

आवाज थांबला.

नळीला पीळ पडला नव्हता. काटा हलला नव्हता. फक्त हवा येत नव्हती.

मुलीनं डोळे उघडले. धाकटीचं मनगट घट्ट धरलं. आणि म्हणाली...

"हवा... नाही."

तो आवाज मुलीचा नव्हता. जाड होता, वयस्कर होता.

"काय करतेस?" मास्तरांनी मास्क तिच्या हातातून ओढून घेतला. त्यांच्या हातात जाताच सूंऽऽ सुरू झालं. "चांगला चालतोय की! पुन्हा धर."

तिनं पुन्हा धरला. आवाज पुन्हा थांबला.

"तुला आज जमत नाहीये. जा, पुढं मामांशेजारी बस."

ती पुढं जाऊन बसली. बाही वर केली. मनगटावर एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा, लालभडक उमटले होते.

"दमेकरी लोक पकडतात असं," मामा म्हणाले. मग नीट बघून म्हणाले, "एवढ्याशा पोरीचा पंजा एवढा मोठा?"

अकराव्या शिफ्टला तिनं पोट दुखण्याचं निमित्त करून फक्त कागद भरले. एकाही पेशंटला हात लावला नाही. सही मिळाली.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. दुपारचे साडेतीन. माझी बहीण आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचत बसली होती. पानं उलटल्याचा आवाज बहिणीला ऐकू येत होता.

मग तो येईनासा झाला.

मग... खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. कोणीतरी पाय झाडावेत तसा.

बहीण धावत गेली.

धाकटी खुर्चीतच होती. उजवा हात स्वतःच्याच नाका-तोंडावर दाबलेला. डाव्या हातानं ती तोच उजवा हात ओढत होती. ओठ निळे पडले होते. डोळे आईकडे लागले होते.

"अगं, हात काढ! काय हा वेडेपणा!"

बहिणीनं दोन्ही हातांनी जोर लावला. हात तसूभर हलला नाही. ती म्हणते, तो माझ्या लेकीचा हात नव्हताच, भिंतीतला दगड होता.

आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "सोडा तिला! पाया पडते तुमच्या!"

कोणाला म्हणाली, तिचं तिलाही सांगता येत नाही.

हात गळून पडला.

पोरीला श्वास घेता येऊ लागल्यावर बहिणीनं तिच्या गालांवरचे वळ बघितले. त्यांवर तिचा पंजा ठेवून पाहिला. वळ दोन्ही बाजूंनी पेरभर मोठे होते.

"कोणाचं काय बिघडवलंस तू?"

"कोणाचं काही नाही, आई."

"माझ्याकडे बघून सांग."

धाकटीनं बघितलं नाही. एकच सही राहिली होती.

बारावी शिफ्ट शुक्रवारी होती. तिनं सिलिंडरचा काटा तीनदा बघितला आणि मामांनाही दाखवला. पूर्ण भरलेला.

अकरा वीसला कॉल आला. मामांनी पत्ता वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

तीच इमारत. तिसरा मजला.

शेजारणीनं दार उघडलं. पलंगाच्या कडेला त्या काकांची बायको, काकू, बसल्या होत्या. काकांच्याच जागी. तसाच श्वास, तशीच धडपड. धाकटीला बघून त्यांनी मान हलवली. ओळख पटल्यासारखी.

"मास्क लाव," मास्तर म्हणाले. "आठवर."

"मास्तर, आज तुम्ही लावा ना."

"शेवटचा दिवस आहे तुझा. आज नाही तर कधी लावणार?"

तिनं लावला. सूंऽऽ... आणि शांत.

काकूंनी मास्क ओढला नाही. तिचं मनगटही धरलं नाही. त्या नुसत्या धाकटीच्या खांद्यामागं बघत होत्या. तिथं कोपरा होता, कोपऱ्यात कपाट होतं. दुसरं काही नव्हतं.

खुर्ची जिन्यावर आली. मास्तर वर, मामा खाली, बाजूला ती. तिचा हात मास्कवरून निघत नव्हता. तिनं काढून पाहिला. निघालाच नाही. काकूंचे ओठ काळपट होऊ लागले.

मागं आता कोणी नव्हतं. शेजारीण वरच थांबली होती.

तरी मागं पावलं वाजत होती...

सावकाश. एकेक पायरी. पुरुषाची.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकूंनी बोटानं मास्कची कड थोडी वर केली. श्वास पुरत नव्हता, तरी बोलल्या. रागावून नाही. निरोप सांगावा तसं.

"हे विचारतायत... त्यात हवा नव्हती, तर दाबून का धरलास?"

मास्तरांनी चमकून बघितलं. हे त्यांना माहीत नव्हतं. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

"त्या दिवशी सिलिंडर रिकामा होता," धाकटी म्हणाली. म्हणाली कसली, ओरडलीच. "मी काटा बघितला नाही. कालचा आकडा लिहिला. ते सांगत होते हवा नाही, आणि मी दाबून धरला. खाली येईपर्यंत धरला. मी, मास्तर, मी!"

मामांनी खुर्ची पायरीवर टेकवली.

धाकटीचा हात सुटला. मास्तरांनी मास्क घेतला आणि काकूंच्या तोंडावर बसवला. सूंऽऽ आवाज सगळ्या जिन्यात भरला. काकूंची छाती वर-खाली होऊ लागली. ओठांवर हळूहळू रंग आला.

मग काकूंनी मान वळवली आणि वरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत ना? कबूल केलं पोरीनं. सोडा आता तिला."

त्यांनी मान तिरकी केली. कोणी हळू बोलत असेल तर आपण ऐकतो तशी.

मामा सांगतात की त्यांना काही ऐकू आलं नाही. मास्तर या विषयावर बोलत नाहीत.

काकू मात्र बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. नजरेत कीव होती.

"नाही म्हणतात," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी धाकटीनं लेखी जबाब दिला. चौकशी झाली. तिचं नाव अभ्यासक्रमातून काढलं, मास्तरांना सहा महिने घरी बसवलं. या कशाबद्दलही तिची तक्रार नाही.

काकू बऱ्या झाल्या. त्याच घरात राहतात. दर रविवारी सकाळी धाकटीला फोन करतात. बोलणं दोन वाक्यांचं. "आज पुन्हा विचारलं गं. नाहीच म्हणतात."

यात त्यांचा राग नसतो. उलट, आपल्या माणसाचा हेका चालतोय याची लाजच असते. धाकटी म्हणते, "बरं, काकू." फोन ठेवते. माझी बहीण रोज झोपताना लेकीचा उजवा हात सुती पट्टीनं पलंगाला बांधते. गेलं दीड वर्ष हेच चाललं आहे.

गेल्या रविवारी फोन उशिरा आला. काकू घाबरल्या होत्या.

"घरभर हाका मारल्या गं मी. कालपासून हे इथं नाहीत..."

मग थांबून म्हणाल्या, "तुझ्याकडे आलेत का?"

धाकटीनं फोन ठेवला. कोणाचा होता, असं आईनं विचारलं तर म्हणाली, चुकून लागला.

त्या रात्री बहीण पट्टी घेऊन आली. नेहमीसारखा उजवा हात बांधला.

धाकटीनं डावाही पुढं केला.