पिल्लांचा अंधार

क्रांती शेडमध्ये शिरली आणि हबकलीच. पिल्लांवरचा बल्ब बंद, आणि बटणापाशी एक अनोळखी तरुण!

"ओ पावणं! गारठून मरतील की माझी पिल्लं!"

"सॉरी... हाका मारल्या, कुणी दिसलं नाही. अंधारात झोपतात का, एवढंच बघत होतो—"

"झोपत्यात? अवो, खाऊन वाढावीत म्हणून रातभर उजेड ठेवतो आमी!"

पेठ वडगावात ही अशी ओळख झाली. ऋषभ कोल्हापुरात पीएचडी करत होता. अंधार पडला की अंगात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं. ते पिल्लांच्या मेंदूत नेमकं कुठं काम करतं, हे त्याला शोधायचं होतं.

"बहुतेक, डोळ्यांनी पाहिलेलं जिथं पोचतं तिथं," तो म्हणाला... आणि तिच्याकडेच बघत राहिला. क्रांती लाजली? छे, ती लाजणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी वेणी मात्र तिनं दोनदा घातली.

त्याच्यासाठी तिनं पोत्यांचा आडोसा करून शेडचा एक कोपरा वेगळा केला. रात्री ऊब द्यायची, उजेड नाही. ऋषभ रोज संध्याकाळी यायचा. पिल्लं थोडी बघायचा, तिला जास्त.

शनिवारी तो त्या कोपऱ्यातली पिल्लं न्यायला खोकं घेऊन आला.

"परत कधी आणून देणार?" तिनं विचारलं.

"परत...? मेंदूतली जागा बघायची तर मेंदू काढावा लागतो, क्रांती."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पोल्ट्रीतली कोंबडी कुठं जाते, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण ही पिल्लं त्याच्या तळहातावर झोपलेली! आणि त्याचाही चेहरा पांढराफटक. जैनाचा पोरगा, मुंगी चिरडली तरी हळहळणारा.

"काल रातभर बल्ब चालू राहिला," ती फटकन बोलून गेली. "ही पिल्लं आता तुमच्या कामाची न्हाईत."

"खोटं."

"व्हय, खोटं! तुमाला कसं कळलं?"

"काल शेवटची एसटी... मुद्दाम चुकवली. तुमच्याच रस्त्यावर घुटमळत होतो. शेडाचा तो कोपरा अंधारातच होता. घरात उजेड फक्त तुमच्या खिडकीत."



त्यानं रिकामं खोकं खाली ठेवलं. "सरांना सांगतो, माझ्या हातून होणार नाही. दोन वर्षं वाया गेली... जाऊ देत."

"येडं का खुळं! अन् घरी काय सांगशीला?"

"घरी अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. त्यांना सांगतो, सून पोल्ट्रीवाली आणतोय."

"अगं बया!" ती मटकन खाद्याच्या पोत्यावर बसली. "अन् मी हो म्हणलं कधी?"

"आत्ता म्हणा की."

सुख की धक्का, तिचं तिलाच कळेना.

"म्हणते," ती पुटपुटली. "पर माझ्या आईला तुमी सांगायचं. मी लांब उभी राहणार."