काचेपलीकडच्या गप्पा

माझ्या धाकट्या भावाला, ओजसला, काहीही ऐकू येत नाही. कानापासून मेंदूकडे जाणारी नसच त्याला जन्मतः नाही, त्यामुळे कानात बसवायची यंत्रंही त्याच्या उपयोगाची नाहीत. पाच वर्षांत त्याच्या कानावर एक शब्द पडलेला नाही. तरी हा पठ्ठ्या दिवसभर गप्पा मारतो! कुणी शिकवल्या? आम्ही तर नाही. आता बोला!

आम्ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, बर्फ काढणाऱ्यांच्या वस्तीत राहतो. इथे देशोदेशींची माणसं आहेत. घरात प्रत्येकाच्या कानात दुभाषी (एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगणारं छोटं यंत्र) असतो. बाहेर काम करताना रेडिओ बिघडला, तर मात्र हातमोज्यांच्या खुणा करायच्या. 'थांब', 'ओढ', 'हवा कमी', अशा पंचवीसेक खुणा आहेत. त्यांवर काम भागतं, पण तेवढ्यात गोष्ट काही सांगता येत नाही.

पृथ्वीवर बहिऱ्या माणसांच्या पूर्ण खूणभाषा आहेत, पण त्या येणारं आमच्याकडे कुणीच नव्हतं. पंतोजीला, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या यंत्रमानवाला, बोटांच्या जागी दोन चिमटे आहेत. त्यातून कुणा शहाण्याने आईला सांगितलं होतं, की हातवाऱ्यांची सवय लागली तर मुलगा ओठ वाचायला शिकणार नाही. आईने बिचारीने ते पाळलं. ओजससमोर ती हात पाठीमागे बांधून बोलायची. मला ते बघवत नसे.

मग गेल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेहून नोमसा आली. ती सहा वर्षांची, आणि तीही बहिरी. दोघं खिडकीपाशी बसून बाहेरच्या कामगारांच्या खुणा बघत, आणि तेव्हापासून त्यांच्या हातांना उसंत म्हणून नाही.

एकदा खेळता खेळता ओजसने खिडकीतून नोमसाला 'थांब' केलं. ते बाहेरच्या क्रेनवाल्याने बघितलं आणि बर्फाचा भलाथोरला गठ्ठा अधांतरी ठेवून क्रेन थांबवली. वस्तीप्रमुख नाडकर्णी मॅडम भडकल्या. त्यांनी पंतोजीकडून अहवाल मागवला. तो म्हणाला, "या मुलास भाषा अवगत नाही. तो केवळ पंचवीस खुणांची नक्कल करतो."

झालं! मॅडमनी निर्णय दिला, की पुढच्या यानाने ओजसला पृथ्वीवरच्या वसतिगृहात पाठवायचं. पाच वर्षांचं पोर, आणि तेही एकटं! आई त्या दिवशी जेवली नाही. मी रागाने पंतोजीच्या चार्जरची वायर उपटली आणि तडक कुंदाआत्याकडे गेले.

कुंदाआत्या भाषाशास्त्रज्ञ आहे (भाषा कशा घडतात, कशा शिकल्या जातात, याचा अभ्यास करणारी). वस्तीतले दुभाषी तीच सांभाळते. ती तेव्हा हरितगृहात चवळीला पाणी घालत होती.

"इरा, तुला मराठी कुणी शिकवली गं?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? आपोआप आली."

"तेच तर! चालीरीती वेगळ्या, देश वेगळे, पण सगळीकडची बाळं साधारण एकाच वयात बोलू लागतात. धडे नाहीत, गृहपाठ नाही. पंतोजीला बोलतं करायला आम्ही जगभरची पुस्तकं त्याच्या डोक्यात कोंबली. बाळ त्या मानाने किती थोडं ऐकतं! आणि कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, की भाषेची क्षमता उपजत (जन्मासोबत आलेली) असते."

"मग ओजस दोन वर्षांचा असताना का नाही बोलला?"

"ही चवळी बघ. वर चढायचं तिला कुणी शिकवलं नाही, ते तिच्यात होतंच. पण आधाराला काठी नसती, तर बिचारी जमिनीवरच लोळली असती. ओजसला बोलायला कुणीतरी हवं होतं. पृथ्वीवर एका देशात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, आणि एकत्र आलेल्या मुलांनी आपली नवी खूणभाषा घडवली. मोठ्यांनी ती दिली नव्हती."

"मग हे मॅडमना सांग ना!"

"सांगून पटायचं नाही. काही शास्त्रज्ञांनाही पटत नाही. ते म्हणतात, भाषेसाठी वेगळं काही नसतं, माणसाची एकूण हुशारीच पुरते. तो वाद चालू राहील. ओजसकडे भाषा आहे, हे मात्र आपण दाखवू शकतो."

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात सगळी वस्ती जमली. शेजारच्या हरितगृहात नोमसा होती आणि मधल्या काचेवर पडदा होता. आत्या म्हणाली, "मॅडम, तुम्हाला सुचेल ते विचित्र काहीतरी करा. फक्त ओजसने बघायचं."

मॅडमनी माझी एक चप्पल काढायला लावली आणि ती पंतोजीच्या डोक्यावर ठेवली. मग एक बटाटा बाबांच्या खिशात घातला. नंतर सगळं जागच्या जागी ठेवलं आणि पडदा उघडला.

ओजसचे हात सुरू झाले. नोमसा डोळे न मिटता बघत होती. मग तिला आत आणलं. ती माझ्यापाशी आली आणि माझ्या दोन्ही पायांकडे बघून तिथेच अडली.

"बघा, येत नाही," मॅडम म्हणाल्या. आईने माझा दंड घट्ट धरला.

नोमसा वळली आणि तिने ओजसकडे बघून हात हलवले. ओजसने उत्तर दिलं. तिने मान डोलावली, माझ्या डाव्या पायातली चप्पल काढली आणि पंतोजीच्या डोक्यावर ठेवली. मग बटाटा उचलून थेट बाबांच्या खिशात!

"कोणती चप्पल, ते तिने विचारलं!" आत्या ओरडली. "नुसती नक्कल करणारा प्रश्न कशाला विचारेल?"

पंतोजी चप्पल सावरत म्हणाला, "पंचवीस खुणांमध्ये चप्पल नाही. बटाटा नाही. खिसा नाही. अहवाल चुकीचा होता. या मुलांस भाषा आहे, मलाच ती अवगत नाही."

भोजनगृहात एकच जल्लोष झाला. पण टाळ्या ओजसला कशा ऐकू येणार? आत्याने दोन्ही हात उंच करून हलवले, आणि बघता बघता सगळ्या वस्तीचे हात वर गेले. ओजस आणि नोमसा नाचायलाच लागले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी पंतोजीलासुद्धा मिठी मारली.

नाडकर्णी मॅडम खाली ओजसच्या उंचीला बसल्या. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "हा कुठेही जाणार नाही. कुंदाताई, पृथ्वीवरचे खूणभाषा जाणणारे शिक्षक आपण संगणकाच्या पडद्यावरून गाठू. इतर वस्त्यांतली बहिरी मुलं यांना भेटू द्या. आणि मोठ्यांचा वर्ग उद्यापासून, पहिल्या बाकावर मी."

ओजस आता आईसमोर उभा होता, आणि तिचे हात सवयीने पाठीमागे गेले होते. त्याने दोन बोटं स्वतःच्या गालाला लावली आणि मग भरभर काहीतरी सांगत सुटला. पुन्हा गाल, पुन्हा सांगणं. ही खूण मी रोज बघत होते. कामावरून आल्यावर आई त्याच्या गालाची पापी घेते, बरोबर तिथेच.

"इरा, ही गालावरची बोटं म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"ती तू आहेस, आई. तो नोमसाला रोज तुझ्याबद्दल सांगत असतो."

आईचे पाठीमागे बांधलेले हात सुटले. तिने दोन बोटं आपल्या गालाला लावली आणि ओजसला म्हणाली, "मी?"

ओजसने जोरजोरात मान डोलावली.