सोळा चित्रांच्या खाली

धाकटी बहीण किल्ली मागायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा दादा भांडी घासत होता. मागच्या खोलीची किल्ली हवी होती, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिचा पहिला पेशंट येणार होता. त्याआधी खोली झाडायची होती, दोन खुर्च्या मांडायच्या होत्या, जरा हवा खेळती करायची होती.

“पुढची खोली घे ना,” दादा पाठमोराच म्हणाला. “उजेड आहे. पंखाही चालतो.”

“मला बाबांचीच खोली हवी. जिथे ते मुके होऊन पडले, तिथूनच माणसं बोलती होऊन बाहेर पडली पाहिजेत.”

“किल्ली मागतेयस की भाषण देतेयस?”

घरी येऊन तिला सात दिवस झाले होते आणि या सात दिवसांत दादाचं बोलणं असंच होतं. हसत हसत चिमटा, आणि तोही जिथे दुखतं नेमका तिथेच.

त्याला तसं बोलायचा हक्क होता, हे तिलाही कळत होतं. ती परदेशी शिकायला गेली त्याच वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दादाने नोकरी सोडली आणि तो घरी बसला. ती तिकडे नेमकी तीच विद्या शिकत होती: वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं कसं करायचं. आठ वर्षांत ती दोनदा आली, पाहुण्यासारखी. बाबा गेले तेव्हा तिची शेवटची परीक्षा होती. त्याला आता पाच महिने झाले होते. मग तिथली चांगली नोकरी नाकारून ती कायमची परत आली. घरातच मोफत केंद्र काढायचं, एक पैसाही घ्यायचा नाही, हे तिने विमानात बसण्याआधीच ठरवलं होतं.

तसं तिने काहीच केलं नाही असंही नव्हतं. पहिल्याच वर्षी तिने आपल्या भाड्याच्या खोलीतल्या सोळा वस्तूंचे फोटो काढून इकडे पाठवले होते. कप, पंखा, चादर, चष्मा, बादली, दार, खिडकी, असे. दादाने ते एका पांढऱ्या फळीवर चार ओळींत चिकटवले आणि फळी बाबांच्या पलंगाजवळ भिंतीला ठोकली. बोलता येत नाही ना, मग बोट दाखवा. दोघा भावंडांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. इकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र. फोन जमायचे नाहीत. म्हणून बाबांचं बोट ज्या चित्रावर जास्त वेळ टेकेल, ते चित्र दादाने आपला डीपी म्हणून लावायचं. ती उठल्या उठल्या फोन उघडायची आणि त्या छोट्याशा गोलात बाबांचा आजचा शब्द वाचायची. आज कप. आज चादर.

तिचा सगळ्यात आवडता डीपी खिडकीचा. ती तिच्याच खोलीतली खिडकी होती, एका बाजूने पडदा निसटलेली. बाबांनी खिडकीवर बोट ठेवलं की तिला वाटायचं, त्यांना आपली आठवण आली. तो फोटो तिने स्वतःचाही डीपी केला आणि मग कधी बदललाच नाही. कुणी विचारलं की ती त्यामागची गोष्ट सांगायची. एकदा भरल्या सभागृहात सांगितली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले होते.

फक्त कधीकधी दादाचा गोल रिकामा असायचा. फोटो काढून टाकलेला, नुसता करडा. दादा रुसला असणार, असं ती धरून चालायची. शेवटच्या महिन्यात तर ओळीने सव्वीस दिवस करडा. तेव्हा तिने चिडून लिहिलं होतं, “निदान डीपी तरी लावत जा. तेवढंही जमत नाही?” सत्ताविसाव्या दिवशी बाबा गेले.

आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांतही दादाचा डीपी बदलतच होता. आज पंखा, उद्या कप, मधेच करडा. दुःख माणसाला काय काय करायला लावतं, असं म्हणून तिने तो विषय टाळला होता.

दादाने हात पुसले, खिशातून किल्ली काढली, पण तिच्या हातात दिली नाही.

“उद्या सकाळी आधी मी आत जाईन. मग तू.”

“का?”

“डीपी बदलायचा असतो,” तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच जाऊन खोली उघडली. फिनेलचा वास आला, रबरी चादरीचा आला आणि त्याखाली आणखी एक मंद, उबदार वास. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. पलंग कधीच विकला होता. त्याच्या चार पायांचे चार पांढरे चौकोन तेवढे फरशीवर उरले होते. फळी भिंतीवर खालीच होती, पडलेल्या माणसाच्या नजरेसमोर येईल अशी. तिला बघायला वाकावं लागलं.

“माझी खिडकी,” ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला. “किती वेळा दाखवायचे, नाही?”

“उकडायचं त्यांना.”

“म्हणजे?”

“खिडकी म्हणजे खिडकी, छोटे. उकडलं की उघड, पाऊस आला की लाव. तुझी आहे हे त्यांना कुठे माहीत होतं?” तो थोडा थांबला. “तू सभेत सांगितलेलं व्हिडिओत ऐकलं मी. छान बोललीस.”

तिचा चेहरा उतरला. तरी ती फळीकडे बघत राहिली, कारण आता तिला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. सोळा चित्रांच्या खाली फळीचा हातभर भाग कोरा होता. त्या कोऱ्या भागात, अगदी मधोमध, बोटाच्या टोकाएवढा ओला डाग होता. त्याच्या आजूबाजूला डिंकाचे वाळलेले, खरवडलेले चट्टे.

“हे काय?”

“हेच ते करडे दिवस,” दादा म्हणाला. “तू सोळा चित्रं पाठवलीस. बाबा सोळाही चित्रं सोडून खाली बोट ठेवायचे. कोऱ्या जागेवर. दाबून ठेवायचे, माझ्याकडे बघायचे. घामाने ओलं व्हायचं. मी तरी कशाचा डीपी लावणार? काही नव्हतंच तिथे. म्हणून काढून टाकायचो.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू लिहिलंस ना, तेवढंही जमत नाही का म्हणून.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मग हे चट्टे...”

“लावून पाहिलं सगळं. आईचा फोटो लावला. त्यांच्या ऑफिसचा लावला, जुन्या मित्राचा लावला. पहिल्याच वर्षी माझाही लावला होता.” तो हसला. “एकदाही बोट नाही. असू दे, रोज आंघोळ घालणारा माणूस डोळ्यांसमोर असतोच की. त्याच्याकडे बोट कशाला दाखवायचं.”

“आणि माझा?”

“तुझा नाही लावला,” दादा म्हणाला. “तुझ्यावर बोट ठेवलं असतं तर मला सोसलं नसतं.”

मग तिने तो प्रश्न विचारला. गेल्या पाच महिन्यांत तो तिने जिभेवर येऊ दिला नव्हता. “बाबा गेल्यावरही डीपी का बदलतोय? आणि हा डाग... ओला कसा, दादा?”

“रोज सकाळी असतो. कधी कपावर, कधी पंख्यावर. बहुतेक वेळा इथे.” तो अगदी सहज बोलत होता, दूधवाल्याबद्दल बोलावं तसं. “आठ वर्षांची सवय आहे. डाग दिसला की डीपी लावतो.”

ओल असेल, ती म्हणाली. भिंतीत पाण्याची नळी असेल. दादाने मान डोलावली आणि कोपऱ्यातलं फडकं तिच्या हातात दिलं. “पूस. कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव.”

तिने डाग पुसला. मग पर्समधून स्वतःचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो शोधला, कोऱ्या भागाच्या बरोबर मधोमध चिकटवला आणि अंगठ्याने दाबला. दादा दारातून बघत होता. बाबांनी शेवटी आपल्यालाच हाक मारलेली असावी, एवढंच तिला हवं होतं. त्याच्याशिवाय तिच्या केंद्राला, तिच्या परत येण्याला, आठ वर्षांच्या शिकण्याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. आणि हे दादाला कळतंय, हेही तिला दिसत होतं.

सकाळी तिनेच कुलूप उघडलं. सोळा चित्रं कोरडी. तिचा फोटो कोरडा. फोटोच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर, ओला डाग.

दादाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. “चला,” तो म्हणाला, “आपण दोघंही नको होतो त्यांना.” आणि फोनवरचा फोटो काढून टाकायला तो बाहेर गेला. त्याच्या आवाजात समाधान होतं का, हे तिला कळलं नाही. असेल तर त्याबद्दल त्याला दोष द्यायचं बळ तिच्यात नव्हतं.

दहाला पेशंट आला. निवृत्त बस कंडक्टर, गेल्या वर्षी वाचा गेलेला. सोबत त्याची सून. सून मात्र भडाभडा बोलणारी. “ताई, आमच्या मामंजींनी बत्तीस वर्षं गाडीत आरडाओरडा केला, आता घर कसं सुनं सुनं वाटतं. हात तर उचलतच नाहीत. तुम्ही पाठवलेली फळी भिंतीला आहे, पण नुसते बघत बसतात. माझा डीपी आपला महिनाभर कपच.”

तशी अडतीस घरं धाकटीच्या फोनवरच्या गटात होती. परदेशातूनच तिने गावोगाव फळ्या पाठवल्या होत्या, तीच सोळा चित्रं, तीच पद्धत. आपल्या माणसाने दाखवलेलं चित्र डीपीला लावायचं. गट उघडला की अडतीस मुक्या माणसांचे अडतीस शब्द एका नजरेत दिसायचे. तिला त्याचा फार अभिमान होता.

तिने कंडक्टरकाकांना फळीसमोर खुर्चीत बसवलं. त्यांनी चित्रांवरून नजर फिरवली, तिकिटं तपासत पुढे जावं तशी. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला.

“अगंबाई,” सून पुटपुटली.

बोट कपावरून गेलं, खिडकीवरून गेलं, धाकटीच्या फोटोवरून गेलं. त्या ओल्या डागावर येऊन टेकलं आणि तिथेच दाबून राहिलं. काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. आता तरी द्या, असं म्हणणारी ती नजर होती.

“काय हवंय, काका?” तिने हळूच विचारलं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बोट हललं नाही.

सून नियमाची पक्की. तिने लगेच त्या जागेचा फोटो काढला आणि डीपीला लावला. करडा गोल नाही, फळीचाच कोरा पांढरा तुकडा, त्यात एक ओला ठिपका.

दुपारी चारच्या सुमारास पहिला निरोप आला. ताई, आज आमच्या सासूबाईंनी सगळी चित्रं सोडून खाली बोट ठेवलं, काय समजायचं? मग दुसरा. ताई, आमच्याकडेही. सुनेचा डीपी कुणी पाहिला असला, तरी काकांनी इथे येऊन काय केलं ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. घरं वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. ती गट उघडून बसली. तिच्या डोळ्यांदेखत एकेक रंगीत गोल पांढरा होत गेला. कप गेला, चष्मा गेला, दार गेलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत अकरा गोल पांढरे झाले.

दादा तिच्यामागे उभा होता. “काय सांगणार त्यांना?”

“बघते,” ती म्हणाली.

फोन टेबलावर ठेवून ती मागच्या खोलीत गेली. फळीसमोर फरशीवर बसली, बाबांची नजर असायची तेवढ्या उंचीवर. डाग अजून ओला होता. इतकी वर्षं तिने चित्रं लावली, दुसऱ्यांना बोट ठेवायला सांगितलं. स्वतः तिथे बोट ठेवून पाहिलं नव्हतं. तिने ठेवलं.

जागा कोमट होती.

आणि तिला कळलं. ओठांवर घोटाळणारं नाव एकदम आठवावं, तसं. इतकं साधं होतं ते की तिला हसू येणार होतं. बाबांना काय हवं होतं, काकांना काय हवंय, ती अकरा माणसं काय मागताहेत. यातलं काहीच तिने कधी त्यांच्यासमोर ठेवलं नव्हतं. ती दादाला सांगायला वळली.

तिचा चेहरा बघून दादा उंबरा ओलांडून आत आला. “कळलं तुला?” त्याचा आवाज फाटला. चिमटा नव्हता आता त्यात, काहीच नव्हतं. “काय हवं होतं त्यांना? सांग, छोटे. आठ वर्षं मी... नुसतं सांग.”

तिने तोंड उघडलं.

“अ...” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. जीभ हलत होती, शब्द डोक्यात लख्ख उभा होता, आणि दोन्हींच्या मधला रस्ताच कुणीतरी उचलून नेला होता.

“थट्टा नको करूस.”

तिने घाईघाईने चित्रांवरून बोट फिरवलं. कप नाही. पंखा नाही. खिडकी नाही. बोट परत खाली आलं आणि कोऱ्या जागेवर टेकलं. तिने जोराने दाबलं आणि दादाकडे पाहत राहिली.

तो तिच्या हाताकडे बघत होता. डाव्या हाताकडे. उजवा तिच्या मांडीवर उताणा पडला होता, दुसऱ्याच कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.

बाहेरच्या खोलीत टेबलावर तिचा फोन थरथरला. बारावं घर विचारत होतं.