अंगुस्तानाचा आवाज

प्रेमलता गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी दिवाकर टेबलाखाली उताणा पडला होता.

भुईगावच्या वाडीत, घरामागे केळी आणि सोनचाफ्याच्या मध्ये त्याची पत्र्याची शेड होती. नोकरी संपल्यावर त्याने तिथे सुतारकाम मांडलं होतं. तेव्हा मुलीच्या, नेत्राच्या स्वयंपाकघराचं कपाट चाललं होतं. त्याची बायको प्रेमलता कपाटाच्या बिजागऱ्या आणायला वसईच्या बाजारात गेली होती. ती येईपर्यंत राऊटर मशीनची उंची लावून ठेवू म्हणून तो एकटाच झटत होता.

वरून टक टक झालं. म्हणजे खाली. त्याने मोटर किंचित खाली घेतली. पुन्हा टक टक. मग तळहाताची थाप. म्हणजे बस.

"आलीस? रिक्षा लगेच मिळाली वाटतं," असं म्हणत तो बाहेर आला.

टेबलाजवळ कोणी नव्हतं. दारात शेजारचा बर्नार्ड उभा होता, हातात गाडीची किल्ली.

"फोन कुठे टाकलास? चल. प्रेमलता बाजारात पडली."

एरवी बर्नार्ड गाडीत गप्प बसणारा माणूस नव्हे. त्या दिवशी तो वसईपर्यंत एक शब्द बोलला नाही. दिवाकरला काय ते तेव्हाच कळलं.

राऊटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन. दिवाकरचं जुनं होतं, हातात धरून चालवायचं. त्याने ते टेबलाखाली उलटं टांगलं होतं, पातं तेवढं टेबलातून वर. त्याची खोड एकच. आतल्या जाड स्प्रिंगा मोटर खाली ढकलायच्या. उंची लावायची तर एकाने खाली पडून मोटर दोन्ही हातांनी वर रेटायची आणि दुसऱ्याने वर वाकून मोजपट्टी लावायची. दुसरी म्हणजे प्रेमलता. ती पडवीत ब्लाउज शिवत बसायची. हाक मारली की सुई टोचू नये म्हणून घातलेलं पितळी अंगुस्तान बोटात तसंच ठेवून उठून यायची.

"तुम्ही खालून नुसतं आँ आँ करता. घसा बसला माझा," असं एकदा ती म्हणाली आणि त्या दिवसापासून ओरडणं बंद झालं. अंगुस्तानाने एकदा टक म्हणजे वर, दोनदा म्हणजे खाली, थाप मारली की बस. लाकडावर खूण करायची तीही शिवणाच्या निळ्या खडूने. भोक पाडायच्या जागी फुली, आणि फुलीभोवती गोल. सुताराची पेन्सिल तिला कधी पसंत पडली नाही.

दिवसकार्य झाल्यावर नेत्रा आईचं शिलाई मशीन एव्हरशाईन सिटीला आपल्या घरी घेऊन गेली. अंगुस्तान, खडू, कात्री, सगळं त्याच्या खणात होतं.

शेड बंदच राहिली. थंडी पडायला लागली तेव्हा नेत्राने विषय काढला.

"बाबा, इकडे या राहायला. लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"तुमच्या लिफ्टमध्ये भुसा चालेल का?"

"मस्करी नको. एकटे मशीनवर काम करणार, बोट गेलं तर वाडीत ऐकायला कोण आहे? कपाट राहू दे. मी सांगते कोणालातरी बनवायला."

कपाट राहू दे, हे दिवाकरला लागलं. ते प्रेमलताने नेत्राला कबूल केलं होतं. तो म्हणाला, "मशीन असं करतो की वर उभं राहून एकट्याला उंची लावता येईल. ते नाही जमलं तर शेडला कुलूप लावून येतो तुझ्याकडे."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी त्याने शेड उघडली. मशीन त्या दिवशी होतं त्याच उंचीवर होतं. त्याने एका तुकड्यात खाच पाडून पाहिली. कपाटाच्या दाराची फळी तिच्यात अशी बसली की हलेना. बर्नार्डची नजर बरी आहे, असं त्याला वाटलं. त्या दिवशी टेबलावर बर्नार्डनेच टकटक केलं असणार, असं तो धरून चालला होता.

मग त्याने मशीन खोललं. स्प्रिंगा काढल्या आणि त्यांच्या जागी आटे पाडलेली लांब सळई बसवली. सळई फिरवली की मोटर हळूहळू चढायची, रेटायचं कामच नाही. सळईच्या दोन्ही टोकांना बर्नार्डने नट वेल्ड करून दिले.

"हे मशीन माझ्या लग्नाच्या आधीचं आहे, दिवाकर. नवं घे की."

"तुझं लग्न टिकलंय ना? मग हेपण टिकेल."

"एलिनाला सांगू का हे?" बर्नार्ड हसला. किती दिवसांनी दिवाकरपण हसला.

आता खालच्या नटाला पाना लावून उंची बदलता येत होती. फक्त एक काम उरलं होतं. सळईच्या वरच्या टोकासमोर टेबलाला भोक पाडायचं, म्हणजे पाना वरून घालता येईल आणि खाली झोपायला नको.

त्याआधी चाचणी म्हणून प्लग काढून तो खाली पडला आणि पाना फिरवू लागला. थोडा फिरवायचा, उठून मोजायचं, असं ठरवलं होतं.

टक.

पत्र्यावर सुपारी पडली असेल. पण पत्र्याचा आवाज पसरतो. हा एकाच जागेवर झाला होता, बारीक, पितळेचा. त्याने पाना थोडा फिरवला. टक. आणखी फिरवला. थाप.

तो बाहेर आला. दारापलीकडे केळीची पानं हलत होती. पट्टी लावली. उंची बरोबर होती.

दिवाकरने जन्मभर कारखान्यात मशिनं दुरुस्त केली होती. आवाजाला कारण असतं, हे तो जाणून होता. त्याने टेबलाचे सगळे बोल्ट आवळले. वरचं सामान उचलून ठेवलं. खिडकी आणि दार लावून पुन्हा खाली पडला.

टक टक. थाप.

उंची बरोबर होती.

मग त्याने बर्नार्डला वर टेबलापाशी बसवून पाहिलं. त्या वेळी काहीच वाजलं नाही.

"कसली वाट बघतोस?" वरून बर्नार्डने विचारलं.

"त्या दिवशी तू टेबलावर वाजवलंस ना, तसं वाजव."

"कुठल्या दिवशी?"

"मला न्यायला आलास तेव्हा."

बर्नार्ड वाकून टेबलाखाली बघू लागला. "दिवाकर, मी दारातच उभा होतो. तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं. मी टेबलाला हातपण लावला नाही."

दिवाकर खालीच पडून राहिला.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तो रोज सकाळी शेड उघडू लागला. खाली पडायचा, पाना फिरवायचा, थाप पडली की उठायचा. कपाटाची दारं एकेक तयार होत गेली. भूक लागायला लागली. सोनचाफ्याला पाणी घालायचं त्याला आपणहून आठवलं.

भोक मात्र तो पुढे ढकलत होता. नेत्राचा फोन आला, "झालं का मशीन?" तो म्हणाला, "एक भोक बाकी आहे."

शेवटचं दार झालं त्या दुपारी त्याने ड्रिल काढलं. हातात घेतलं. ठेवलं. मग टेबलाखाली जाऊन पडला.

"भोक पाडलं की मी वरूनच उंची लावणार," तो म्हणाला. "मग मला खाली यायला नको. तुला वाजवायला नको. काय करू सांग."

वाडीत एक कावळा ओरडत होता. तोही थांबला.

टक झालं नाही.

लाकडावर काहीतरी घासलं. एक रेघ. मग दुसरी, तिला कापून.

मग लांब, गोल, सावकाश.

मग थाप.

तो बाहेर आला.

टेबलावर निळ्या खडूची फुली होती. फुलीभोवती गोल.

त्याने दोन्ही कडांकडून मोजलं. खाली जाऊन मोजलं. सळईचं टोक नेमकं फुलीच्या खाली होतं.

नेत्राला फोन लावून त्याने आईच्या मशीनचा खण बघायला सांगितलं. "सगळं आहे की, बाबा. अंगुस्तान, खडू. का?"

"काही नाही. उद्या कपाट घेऊन येतो."

कपाट एव्हरशाईनच्या भिंतीवर लागलं. प्रेमलताने त्या दिवशी घेतलेल्या बिजागऱ्याच त्याला लावल्या. नेत्रा सगळी दारं पुन्हा पुन्हा उघडून बंद करत राहिली आणि इकडे राहायला या हे म्हणायचं विसरली. आता बर्नार्डला एलिनासाठी तसंच कपाट हवं आहे. शेड रोज उघडी असते.

संध्याकाळी काम संपतं तेव्हा टेबलभर भुसा असतो. दिवाकर तो तसाच ठेवून कुलूप लावतो. सकाळी येतो तेव्हा भुसा सगळीकडे तसाच असतो, फक्त निळ्या गोलात नसतो.

भोक पाडायचं अजून राहिलं आहे.